जेवणाची घंटा

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असे संपादकांचे पत्र आले की दरवर्षी माझ्यापुढे पेच पडतो. वर्षभर या सदरातून मी घरातल्या, वर्गातल्या आणि शेजारपाजारच्या गोष्टी सांगत असते. त्यांत खुसखुशीत म्हणण्यासारखे थोडेच असते. यंदा मात्र मी चक्क मोटारींच्या दौडीत भाग घेतला. जिला मोटारीचे बसायची जागा आणि हॉर्न हे दोनच भाग ओळखता येतात, त्या मराठीच्या प्राध्यापिकेने तामिळनाडूच्या खेड्यापाड्यांतून नऊएकशे किलोमीटर दौड करावी, एवढी करमणूक वाचकांना पुरे व्हावी.

हे लचांड माझ्या गळ्यात बांधले माझ्या धाकट्या भावाने. नोकरीनिमित्त तो चेन्नईला असतो आणि त्याच्यापाशी एक जुनी अँबॅसडर आहे. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, पण भावाचे तिच्यावरचे प्रेम काही बंद पडले नाही. तिथल्या एका मंडळाने चेन्नई ते कन्याकुमारी अशी दौड आखली होती. प्रत्येक गाडीने आपापल्या ओळखीपाळखीत वर्गणी जमवायची आणि ती वाटेवरच्या खेड्यांतल्या शाळांना बाके व स्वच्छतागृहे यांसाठी द्यायची. दक्षिणेत या प्रकाराची आता नवलाई राहिलेली नाही. २००६ पासून तर हौशी परदेशी पाहुणे तिकडच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा हाकत मोठमोठ्या दौडी करतात आणि त्या निमित्ताने देणग्या गोळा करतात.

"ताई, गाडी मी चालवतो. टिपणवही तू धर," भाऊ म्हणाला. मी रजा टाकली आणि वर्गणीला लागले.

वर्गणी मागण्यात आपण किती कच्चे आहोत, हे स्टाफरूममध्ये कळते. तरीही सहकाऱ्यांनी हात सैल सोडला. ह्यांनी पाच हजार रुपये दिले आणि वर "हळू चालवायला सांग त्याला" एवढा उपदेश दिला. आईने मात्र मला आत बोलावले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षे शिक्षिका होती. कपाटातून तिने पेन्शनचे दोन हजार काढले, दोनदा मोजले आणि विचारले, "मुलांपर्यंत पोचतील ना गं?"

"मी स्वतः जाऊन देणार आहे आई," मी ऐटीत म्हटले.

पोंगल झाल्यावरच्या आठवड्यात वीसएक गाड्या चेन्नईहून निघाल्या. अशी दौड म्हणजे शर्यत, असा माझा समज होता. तो पहिल्याच तासाला दूर झाला. टिपणवहीत प्रत्येक वळण, प्रत्येक पूल आणि तिथे पोचायची वेळ लिहिलेली असते. ठरलेल्या नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला पोचायचे. उशीर झाला तर गुण कापतात, आणि लवकर पोचलात तरीही कापतात! मुलांच्या हजेरीपटाशी आयुष्य घालवलेल्या मला हा नियम फार आवडला. हातात घड्याळ धरून मी भावाला "आता जरा सावकाश", "आता जरा चल" असे सांगू लागले आणि पहिल्या दिवशी आम्ही चक्क तिसरे आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तंजावर सोडले. तंजावरात मराठी माणसाचा पाय सहसा निघत नाही. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख, सरस्वती महालातली मोडी कागदपत्रे, आणि अजूनही घरात आपल्या वळणाची मराठी बोलणारी माणसे! मी आदल्या संध्याकाळी हे सगळे डोळ्यांत साठवू पाहत होते. पण खरे आकर्षण पुढे होते. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना तासाभराच्या आत ओरत्तनाड लागते. तिथे सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र आहे.

छत्र म्हणजे आपले अन्नछत्र. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी कितीतरी छत्रे बांधली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. बाकी गेले ते गेले, पण छत्रांचा कारभार माझ्याकडे राहू द्या, अशी त्यात कळकळीची विनंती आहे. छत्रांत काय काय चालते, हेही त्यांनी सांगितले आहे. कुठल्याही जातीचा, कुठल्याही पंथाचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते. आजारी पडला तर बरा होईपर्यंत ठेवून घेतात, औषध देतात. तान्ह्या मुलांना दूध मिळते. वाटेत आईबाप गेलेल्या पोरांना सांभाळून शिकवतात. आणि सगळ्यांचे जेवण उरकल्यावर मध्यरात्री एक घंटा वाजवतात. अजून कुणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, म्हणून.

ती घंटा माझ्या मनात कित्येक वर्षे वाजत होती. "दहा मिनिटं थांब रे," मी भावाला म्हटले. त्या जुन्या दगडी इमारतीपुढे उभी राहिले आणि माझी दहा मिनिटे चाळीस मिनिटांची झाली. फोटो काढले, टिपणे केली, भावाला एक छोटेसे व्याख्यानही ऐकवले. "ताई, गुण!" तो बिचारा दोनदा म्हणाला. मी म्हटले, "गुण गेले खड्ड्यात. देणं कशाला म्हणतात ते बघून घे."

बुडालेला वेळ भरून काढण्याच्या नादात भावाने गाडी दामटली आणि दहा-बारा किलोमीटरांवर फॅन बेल्ट तुटला. बॉनेटमधून वाफ निघू लागली. दोन्ही बाजूंना भाताची पिवळी शेते होती, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पण पाचच मिनिटांत माणसे गोळा झाली. एकाने मोटारसायकलवरून मेकॅनिक आणायला धाव घेतली, चौघांनी गाडी ढकलून झाडाखाली नेली, आणि समोरच्या घरातली म्हातारी पितळेच्या तांब्यातून ताक घेऊन आली. तामिळमध्ये त्याला मोर म्हणतात. मी पैसे पुढे केले तेव्हा तिने माझा हात मागे सारला आणि विचारले, "साप्पिट्टींगळा?"

जेवलात का? तिकडे हा प्रश्न आपल्या "काय, बरं आहे ना?" सारखा सहज विचारतात. माझे मन भरून आले. मुक्तांबेच्या छत्राची घंटा अजून या रस्त्यावर वाजते आहे, असे एक वाक्यही मला सुचले, आणि ते मी दुपारच्या भाषणासाठी राखून ठेवले.

हो, भाषण माझे होते. पुढच्या एका गावच्या शाळेपाशी सगळ्या गाड्या जमायच्या होत्या आणि तिथे देणगीचा समारंभ होता. गाड्यांत एकच 'प्रोफेसर' असल्यामुळे इंग्रजीत चार शब्द बोलण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले होते. वेळ साडेअकराची होती. आम्ही पोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते.

पत्र्याच्या शेडखाली मुले रांगेने मांडी घालून बसली होती. हातात कागदी झेंडे होते. आम्ही उतरताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाने लाल झालेले चेहरे मला दिसले, पण मी ते उत्साहाचे समजले. मी बोलू लागले. पहिल्या रांगेतली, दोन वेण्या घातलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी माझ्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर उजवीकडच्या एका खोलीच्या दाराकडे लागली होती. वर्गात अशी नजर मी वर्षानुवर्षे पाहिली आहे, म्हणून नकळत मीही तिकडे पाहिले. दारात झाकलेली मोठमोठी पातेली होती आणि त्यांच्यापाशी स्वयंपाकीण डाव घेऊन उभी होती. सांबारभाताचा वास आला.

मी वाक्य अर्धवट सोडून शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांना हळूच विचारले, "मुलांचं जेवण?"

"साडेबाराला असतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आज तुमच्यासाठी थांबवलं. पाहुणे यायच्या आधी रांगा मोडायला नकोत, असा निरोप होता." आणि मग अगदी मनापासून हसून त्यांनी मला विचारले, "साप्पिट्टींगळा?"

त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपे गेले असते.

शाळेतल्या जेवणाची त्या राज्याची परंपरा मोठी आहे. १९५०च्या दशकात कामराजांनी ती योजना वाढवली, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा विस्तार केला, आणि २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. पोर उपाशी राहिले तर शिकणार कसे, हे त्या मातीला कळलेले आहे. त्या शाळेत साडेबाराची घंटा रोज वाजत होती. ती त्या दिवशी वाजली नाही, कारण आम्ही मदत घेऊन येत होतो. आणि आम्हाला उशीर झाला, कारण मी अन्नछत्राचे फोटो काढत होते.

माझ्याजवळ राखून ठेवलेले ते वाक्य मी बोलले नाही. "थँक यू" म्हटले आणि बसले. तरीही मंडळाच्या फोटोवाल्याने 'फक्त पाच मिनिटं' मागितली आणि ती कुणीच नाकारली नाहीत. मीही नाही. बाजूला सरले असते तर फोटो थांबला असता. पण भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या चेकचे एक टोक धरून मी उभी राहिले. ती घंटा अखेर दोन वाजून दहा मिनिटांनी वाजली आणि सगळे झेंडे जमिनीवर पडले.

रात्री रामेश्वरला गुणांचा तक्ता लागला. नाक्यावर उशिरा पोचल्याबद्दल आमचे गुण कापले होते. शाळेत उशिरा पोचल्याबद्दल तक्त्यात रकानाच नव्हता.

मी भावाशी भांडले. वहीत हिशोब मांडला: आमच्या गाडीच्या नावावर जमलेली वर्गणी ५२ हजार, आणि डिझेल, हॉटेलं, दुरुस्ती, छापील सदरे, झेंडे धरून आमचा खर्च ६१ हजार. "हे सगळे आपण मनिऑर्डरनेच पाठवले असते तर?" मी विचारले.

"पाठवले नसतेस," भाऊ शांतपणे म्हणाला. "ताई, हे एकसष्ट हजार आपण सुट्टीत कुठेतरी फिरण्यावर घातलेच असते. पण ते बावन्न हजार? त्या शाळेचं नाव तरी तुला ठाऊक होतं का?"

मला उत्तर देता आले नाही, अजूनही येत नाही. बाके आली आहेत, त्यांवर मुले बसतात. ते खोटे नाही. दौड वाईट, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण एवढे मात्र कळले की छत्र बांधणारा वाटसरूची वाट पाहत असे आणि मध्यरात्रीसुद्धा घंटा वाजवून त्याला शोधत असे. आम्ही देणाऱ्यांनी मात्र घेणाऱ्यांना आमची वाट पाहायला लावली. दान कुणाच्या घड्याळाने चालते, यावरून ते कुणासाठी आहे हे कळते.

परतल्यावर मी मंडळाला पत्र लिहिले. गाड्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर न्याव्यात, आणि उशीर झाल्यास समारंभ रद्द करून चेक मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा, अशी सूचना केली. उत्तर आले: सूचना स्तुत्य आहे, वेळापत्रकात बसते का पाहू.

आईला मी सगळे खरे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "साहेब तपासणीला यायचे तेव्हा आम्हीपण पोरांना असंच बसवून ठेवायचो गं. एकदा एक मुलगा चक्कर येऊन पडला होता." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षीही देईन मी. पण तू नेऊन देऊ नकोस. नुसते पाठव."

"पाठवीन," मी म्हटले आणि दौडीचे प्रमाणपत्र पिशवीतच ठेवले.

ती स्वयंपाकघराकडे वळली. "चल, हातपाय धू. आधी जेव, मग बोल काय बोलायचं ते."