दार उघड आणि ऐक!

गुडघे दुखायला लागले तसं आईने गाडी चालवणं सोडलं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मिनिटाला दहादा क्लच दाबायचा, म्हणजे डाव्या पायाची शिक्षाच. मग आम्ही एक सेकंडहँड, छोटीशी एएमटी घेतली. हप्त्यांवर, अर्थात! पहिल्याच रविवारी आई एकटी मंडईत जाऊन आली आणि मला फोन. 'सुटले गं बाई!'

पण एका सोमवारी वारज्याच्या पुलाच्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच. गिअरचा दिवा लुकलुकतोय, गिअर पडत नाहीये, मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. दोन मुलांनी ढकलत गाडी कडेला लावली. संध्याकाळी आईने किल्ली टेबलावर ठेवली. 'मी नाही आता चालवणार.' त्यात वर्कशॉपवाल्याचं निदान, 'क्लच ॲक्च्युएटर गेलाय, पूर्ण बदलावा लागेल.' आकडा माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा!

हा ॲक्च्युएटर म्हणजे काय बुवा? २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि एएमटी आपल्या बजेटमध्ये बसली. आत गिअरबॉक्स नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी ॲक्च्युएटर करतो. बऱ्याच गाड्यांत एक इलेक्ट्रिक पंप तेलाचा दाब तयार करतो, काहींत नुसत्या मोटर्स असतात. थोडक्यात, आईचा डावा पाय आता बॅटरीवर चालतो.

आमच्या सोसायटीतले रिटायर्ड मेकॅनिक काका म्हणाले, 'आधी दार उघड आणि ऐक.' तेल-पंपवाल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप गुणगुणतो. आमचा गप्प! मग त्यांनी मीटर लावला. चांगल्या बॅटरीचा बंद गाडीत आकडा १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. आमचा १२ च्याही खाली, आणि टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या पावडरचा थर. बॅटरी चार्ज केली, टर्मिनल घासली. दार उघडलं. गुंऽऽ! ॲक्च्युएटर ठणठणीत होता.

तर मंडळी, महिन्यातून एक रविवार, अर्धा तास :

* टर्मिनल : गाडी बंद. हातात रबरी मोजे. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं. लावताना निगेटिव्ह शेवटी.

* तेल : ॲक्च्युएटरची छोटी टाकी असेल, तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच पद्धतीने लेव्हल बघा. मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. भरायचं तर मॅन्युअलमधलंच तेल. घरात उरलेलं ब्रेक ऑइल अजिबात नको! लेव्हल पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गळती आहे, गाडी दाखवा.

* सवय : चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. क्लच घासतो आणि तो जळका वास येतो ना, तो तुमच्या पैशांचा! ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल.

आणि शूरपणा कुठे दाखवायचा नाही? पाइप किंवा ॲक्च्युएटर उघडण्यात. आतलं तेल जबरदस्त दाबाखाली असतं. शिवाय क्लच बदलला, की तो कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. ते काम स्कॅनरवाल्याचंच. पण 'पूर्ण बदला' ऐकल्यावर 'आधी बॅटरी बघितलीत का?' एवढं विचारायला कुठली डिग्री लागते?

किल्ली आठवडाभर टेबलावरच होती. गेल्या शनिवारी खिडकीतून बघते तर आई पार्किंगमध्ये. तिने दार उघडलं, कान दिला, मग वर बघून हात हलवला.

'गुणगुणतोय गं! भाजीला जाऊन येते.'