नळाच्या पाण्याला वास येतो तेव्हा

पहिल्या दोन सरी पडल्या की आमच्या वस्तीतल्या नळाला दवाखान्याचा वास येऊ लागतो. फजरच्या वुजूला नळ सोडला की तो आधी नाकात जातो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरी कुणी मोबाइलवर वाचून सांगितले की क्लोरीनने कॅन्सर होतो. त्या दिवसापासून त्यांनी पिण्याच्या पाण्यात थेंब टाकणे बंद केले. पंधरा दिवसांत धाकट्याला जुलाब लागले आणि दोन रात्री सलाईन लावावी लागली. पाण्यामुळेच झाले असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण तेव्हापासून या विषयावर लिहायचे मनात होते.

मोबाइलवरची ती गोष्ट अगदीच खोटी नाही, हीच तर पंचाईत आहे. १९७४ मध्ये हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा खात्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की नदीच्या पाण्यात क्लोरीन सोडल्यावर क्लोरोफॉर्म तयार होतो. हाच क्लोरोफॉर्म एकेकाळी ऑपरेशनच्या वेळी गुंगी आणायला हुंगवत असत. कुजलेला पाला, माती, शेवाळ यांचा अर्क पाण्यात उतरलेला असतो. क्लोरीन जंतू मारता मारता या अर्काशीही संयोग पावतो आणि त्यातून असे पदार्थ निपजतात. म्हणजे पाणी जितके गढूळ, तितके ते जास्त. अमेरिकेने १९७९ मध्ये या गटातल्या चार पदार्थांना मिळून लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, पुढे ती ८० वर आणली. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही क्लोरोफॉर्मला मर्यादा आहे, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. गंमत अशी, की नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम असलाच पाहिजे, असेही तेच मानक सांगते.

या पदार्थांची भीती वर्षानुवर्षे रोज पिण्याची आहे. कॉलरा मात्र माणसाला काही तासांत आडवा करतो. म्हणून थेंब बंद करणे हा उपाय नव्हे. क्लोरीनऐवजी दुसरे काही वापरावे म्हटले तर त्याचेही दुखणे निघते. ओझोन वापरला आणि पाण्यात ब्रोमाइड असले तर ब्रोमेट तयार होते.

खरी चूक आपण क्रमात करतो. विहिरीच्या किंवा टँकरच्या गढूळ पाण्यात सरळ टीसीएल पावडर ओततो. मातीच क्लोरीन खाऊन टाकते, जंतू तसेच राहतात, वर नको ते पदार्थ तयार होतात. आधी तुरटी फिरवावी, पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी कापडातून गाळून घ्यावे आणि मग बाटलीवर लिहिले असतील तेवढेच थेंब टाकून अर्धा तास थांबावे. मूठभर पावडर जास्त टाकली तर पाणी जास्त शुद्ध होते, ही समजूत सोडावी. वास फारच असेल तर पाणी झाकण न ठेवता खळखळ उकळावे. क्लोरोफॉर्म उडून जाणारा असल्याने बराचसा वाफेबरोबर निघून जातो. उकळल्यावर क्लोरीनही उरत नाही, तेव्हा ते पाणी धुतलेल्या हंड्यात झाकून ठेवावे आणि ओगराळ्यानेच काढावे.

आणि गच्चीवरची टाकी! तळाशी साचलेला गाळ म्हणजे क्लोरीनला आयता खुराक. आमची टाकी यंदा मृगाआधी उघडली तेव्हा तळाशी चार बोटे चिखल निघाला.