आखातातून परतलेल्या मुलांच्या जन्मनोंदीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रत्नागिरी

विषय : आखाती देशांत जन्मलेल्या व आई-वडिलांसोबत जिल्ह्यात परतलेल्या मुलांना जन्मदाखला आणि नागरिकत्वाची कागदपत्रे मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दापोली, खेड, चिपळूण व रत्नागिरी तालुक्यांतील पालक. आमच्यापैकी बहुतेकांची उमेदीची वर्षे दुबई, कुवेत, सौदीत गेली. मुलेही तिकडेच झाली. आखातात जन्म झाला म्हणून परक्याच्या मुलाला तिथले नागरिकत्व मिळत नाही. मूल बापाच्या देशाचे धरले जाते. आणि बापाच्या देशात आल्यावर त्या मुलाला दारोदार विचारतात, जन्मदाखला कुठे आहे?

ज्यांची नोकरी धड होती, इकामा (निवास परवाना) चालू होता, त्यांचे निभावले. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे त्यांनी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद केली, बाळाचा पासपोर्ट काढला. अडकले ते दुसरे. कफीलने (हमीदार मालकाने) पासपोर्ट दाबून ठेवलेला, इकामा संपलेला, दंड रोज चढतोय, रस्त्यावर पोलीस दिसला तरी धडकी भरते. अशा माणसाने वकिलातीपर्यंत जायचे कसे? वर्षाची मुदत टळली. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाची नोंद मुदतीनंतर करायची तर केंद्र शासनाची परवानगी लागते. पुढे तिथल्या सरकारने माफी योजना जाहीर केली तेव्हा, काही जण २०२० च्या कोविडकाळात, ही कुटुंबे आऊटपासवर (वकिलातीच्या तात्पुरत्या प्रवासपत्रावर) गावी आली. आऊटपास एका प्रवासापुरता. त्यावर शाळेत नाव घालता येत नाही.

एका गावातल्या मुलाचे उदाहरण देतो. जन्म २०१६ चा, कुवेतमधला. रुग्णालयाचा अरबी कागद जवळ आहे. अरबीत ‘प’ नसल्याने त्यावर पारकरचे बारकर झाले आहे, हा आणखी एक घोळ. ग्रामपंचायत म्हणाली, जन्म आमच्या हद्दीतला नाही, तहसीलला जा. तहसीलमध्ये सांगितले, आधी ग्रामपंचायतीचा अनुपलब्धतेचा दाखला आणा. तो मिळालाही : ‘सदर जन्माची नोंद आमच्या दप्तरी आढळून येत नाही.’ कुवेतचा जन्म कोकणातल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी आढळणार कसा, असे कोणाच्याही मनात आले नाही. तो दाखला जोडून केलेला अर्ज ‘जन्म महाराष्ट्राबाहेरील’ असा शेरा मारून परत आला. मुलगा आता चौथीत आहे, गुरुजींच्या भल्या मनामुळे. आधार नाही, त्यामुळे संचमान्यतेत (पटावरून शाळेची शिक्षकसंख्या ठरवताना) तो मोजला जात नाही.

महोदय, यावर कायद्यात वाट नाही असे नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे कलम २० नेमके याच मुलांसाठी आहे. वकिलातीत झालेली नोंद याच कायद्याखाली झाली असे त्यातले पहिले पोटकलम मानते. दुसरे पोटकलम सांगते की, अशी नोंद झाली नसेल आणि आई-वडील कायमचे राहण्यासाठी भारतात परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत, ते इथेच जन्मले असे समजून नोंद करता येते. ६० दिवस उलटले तर कलम १३ ची विलंबित नोंदीची पद्धत लागू होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीचा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. म्हणजे हा अधिकार आपल्याच कार्यालयाकडे आहे. तालुक्याच्या टेबलावर मात्र हे कलम कोणी उघडून पाहिले आहे, असा अनुभव आम्हाला आलेला नाही.

विलंबित जन्मनोंदींत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारींनंतर राज्य शासनाने २०२५ मध्ये नियम कडक केले. त्याला आमची हरकत नाही. खोटे दाखले निघता कामा नयेत. पण आमच्या मुलांच्या हाती परदेशी रुग्णालयाचा कागद आहे, आऊटपासचा क्रमांक आहे, आई-बापाचे भारतीय पासपोर्ट आहेत. पडताळायला यापेक्षा काय हवे? त्यांना संशयितांच्या ढिगात टाकणे अन्यायाचे आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, कलम २० (२) खालील अर्ज कोणी स्वीकारायचे, कोणते कागद घ्यायचे आणि किती दिवसांत निर्णय द्यायचा, याचे लेखी परिपत्रक आपण सर्व तहसीलदार, मुख्याधिकारी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना काढावे. अनुपलब्धतेच्या दाखल्याची अट या मुलांना लावू नये. नावातल्या अक्षरफरकासाठी पालकांचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरावे. वकिलातीचा नोंदणी दाखला असलेल्यांकडून पुन्हा स्थानिक दाखला मागू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचे अर्ज आधी हातावेगळे करावेत, कारण त्यांना शाळा, आधार, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मदाखल्यावाचून दुसरा पुरावा चालत नाही. तसेच, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ शाळांना आठवणीने कळवावे.

जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आम्ही जाणतो. त्यासाठी केंद्राची परवानगी लागेल. त्या परवानगीचे अर्ज चौकशी अहवाल व आपल्या शिफारशीसह गृह मंत्रालयाकडे पाठवावेत. बापाची मुदत चुकली म्हणून शिक्षा लेकराला होऊ नये, हे आमचे म्हणणेही सोबत कळवावे.

निवेदनाच्या शेवटी उपोषणाचा इशारा देण्याची रीत आहे. आम्ही तो देत नाही. आम्ही मागतो ते आपल्या सहीने होण्याजोगे आहे. तरी येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी परिपत्रक काढून आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
सह्या करणारे पालक