गुरुजींची बदली झाली की शाळा का बसते?

बदल्यांच्या याद्या लागल्या की कुठल्या ना कुठल्या गावात शाळेला टाळे ठोकले जाते. ‘आमचे गुरुजी आम्हाला परत द्या’ म्हणत पालक पंचायत समितीच्या दारात बसतात. त्यांची तळमळ खरी असते. पण मंडळी, एक माणूस गेला आणि शाळा बसली, तर ती शाळा त्या एकट्याच्याच खांद्यावर होती असा त्याचा अर्थ. एका विहिरीच्या भरवशावर सगळे शिवार बागायत केले तर काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या धोरणानंतर संगणकावर होऊ लागल्या. आज ना उद्या चांगला शिक्षक जाणारच. तेव्हा बदली कशी थांबवायची यापेक्षा त्याच्या मागे शाळेत काय उरते, हा खरा प्रश्न.

आता कायदा काय म्हणतो बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला ही अट १०० ची. पट ६० पर्यंत असला तर शिक्षक दोन. म्हणजे आपल्या वाडीवस्तीवरच्या बहुतेक शाळांना मुख्याध्यापक नाहीच; दोघांतल्या एकाकडे ‘चार्ज’. आणि चार्ज म्हणजे काय? पोषण आहाराच्या तांदूळ-डाळीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बँक, तालुक्याच्या बैठका. वर्गात कसे शिकवायचे याबाबत पुढे कोण चालणार, हे त्या चार्जात कुठेच लिहिलेले नाही. केंद्रप्रमुखाने ते बघावे अशी अपेक्षा असते, पण बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रे. तो बिचारा कागद गोळा करण्यातच थकतो.

शिक्षकांतून नेतृत्व तयार करायचे म्हणजे त्यांना पुढारी करायचे नाही, ते आपल्या गावात आधीच पुष्कळ आहेत! ज्या बाईंचे गणित चांगले, त्यांनी शेजारच्या वर्गाचेही गणित बघावे. नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसावे, चुकते कुठे ते चहा पिताना मोकळेपणी सांगावे. आणि त्यांचे काय चुकते, तेही ऐकून घ्यावे. एवढीच गोष्ट आहे, पण तिला वेळ लागतो आणि मोठ्या मनाचीही गरज असते.

आमच्या खात्याला याचा जुना अनुभव आहे. ऐंशीच्या दशकात ‘प्रशिक्षण व भेट’ योजना होती. गावात काही संपर्क शेतकरी निवडायचे, त्यांना शिकवायचे, मग ते बाकीच्यांना सांगतील असा हिशेब. पुष्कळ ठिकाणी ज्ञान त्या संपर्क शेतकऱ्याच्या बांधावरच थांबले. पुढे शेतीशाळा आल्या. सगळ्यांनी एकाच शेतात उतरायचे, कीड मोजायची, निर्णय मिळून घ्यायचा. तिथे मात्र शेजारी शेजाऱ्याकडून शिकला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे अजून बरेचसे पहिल्या योजनेसारखेच चालते. एक जण तालुक्याला जातो, वही भरून आणतो, वही कपाटात जाते.

वेगळे घडलेही आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आदेश काढून भागवले नाही, शिक्षकांना बरोबर घेऊन वर्ग बदलले. मग राज्यभरातले शिक्षक ते वर्ग बघायला जाऊ लागले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात या भेटींची फार चर्चा होती. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग बघणे, ही आमची शिवारफेरीच झाली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची पद्धत एका शाळेत न राहता बाहेर पसरली, हे मला जास्त मोलाचे वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असे म्हटले आहे. हे तास सभागृहात भाषणे ऐकण्यात जाणार की शेजारच्या शाळेच्या वर्गात, यावर सगळे अवलंबून आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि पालकांनी यात करायचे काय? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचे कायद्याने ठरलेले काम आहे. तुमच्या गावच्या आराखड्यात रंगरंगोटी आणि कंपाउंडशिवाय काही आहे का, बघा. पुढच्या बैठकीत विचारा, कोणता विषय शाळेभर कोण सांभाळतो? मागच्या वर्षी कोणत्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेत जाऊन वर्ग पाहिला? शिक्षक त्यासाठी जाणार असतील, तर शाळा वाऱ्यावर सोडली म्हणून ओरड करू नका; त्या दिवशी गावातली शिकलेली एखादी सून किंवा मुलगा मुलांना गोष्टी वाचून दाखवू शकतो. ऑनलाइन माहिती भरायला ग्रामपंचायतीच्या संगणकावरच्या माणसाची महिन्यातून दोन दिवस मदत देता येईल का, तेही ठरवा. आणि बदलीची यादी लागायच्या आधीच, जाणाऱ्या गुरुजींचे काम कोण उचलणार, हे त्यांच्यासमोर बसून नावानिशी लिहून घ्या.