आधी पारख, मग पुढे

माऊली, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्यांत चोखोबांच्या मंगळवेढ्याकडचे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भटक्यांविषयीचा संशय जुनाच. अफवेने त्याला काडी लावली.

त्या वर्षी देशात फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जागृतीपटातली होती. उचललेले मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कापला होता.

आपण तरुणांना सांगतो, ‘मोबाइल सोड, माळ घाल.’ एवढ्याने भागत नाही. गळ्यात माळ असलेलाही असा निरोप पुढे ढकलतोच. पारख शिकवावी लागते. दिंडीच्या मुक्कामी, हरिपाठानंतर पोरांना घटकाभर बसवा आणि विचारायला लावा: हे मूळ कुणी, कुठे, कधी टिपले? मागचेपुढचे काय कापले? हे पाहून मला कुणाचा राग यावा, असे पाठवणाऱ्याला वाटते? उत्तर मिळेना, तर निरोप तिथेच थांबवा.

वाटेत भेटेल त्याच्या पाया पडण्याची आपली रीत. बोटाच्या एका दाबाने ती मोडू देऊ नका.

रामकृष्ण हरी.