प्राणी सर्वांचा, घास शेतकऱ्याचा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचे एक लहानसे गाव आहे. १८८७ सालापासून तेथे दरवर्षी २ फेब्रुवारीला एका बिळात राहणाऱ्या प्राण्याचा मोठा सोहळा होतो. बाहेर आल्यावर त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकणार, अशी समजूत आहे. हा प्राणी म्हणजे ग्राउंडहॉग. वूडचक हे त्याचे दुसरे नाव. ज्या राज्यात त्याला असा मान मिळतो, त्याच राज्यातील शेतांवर त्याच्या जातभाईंची शिकार जवळजवळ वर्षभर चालते. हरणांच्या बंदुकीच्या हंगामाचे दिवस तेवढे वगळण्यात येतात. ही विसंगती केवळ गमतीची नाही. शेतात राहणाऱ्या आणि शेतावरच पोसल्या जाणाऱ्या वन्य प्राण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न तिच्यामागे उभा आहे. या प्रश्नाला तेथील समाजाने जी उत्तरे शोधली, त्यांतील धनुष्यबाणाचे उत्तर विशेष विचार करण्याजोगे आहे.

बिळाचा हिशेब

ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला. दिसावयास मात्र तो एखाद्या फुगलेल्या घुशीसारखा दिसतो. वजन दोन ते सहा किलो. हिवाळाभर तो बिळात निद्रिस्त असतो आणि वसंतात भुकेला होऊन बाहेर पडतो. नेमके याच सुमारास सोयाबीनचे कोवळे कोंब जमिनीवर येत असतात. लसूणघास, घेवडा, कोबी, सॅलडची पाने यांपैकी त्याला काहीच वर्ज्य नाही. पिकाच्या नुकसानीत बिळाच्या नुकसानीची भर पडते. एकेका बिळाला अनेक तोंडे असतात व मुख्य तोंडापाशी मातीचा ढिगारा असतो. त्यावर गवत कापण्याचे यंत्र अडखळते, ट्रॅक्टरचे चाक खचते, घोड्याचा पाय मोडतो. कोठारांचे पाये आणि तळ्यांचे बांधही या पोखरणीतून सुटत नाहीत.

गंमत अशी की, या प्राण्याची भरभराट शेतकऱ्यानेच केली. घनदाट अरण्य त्याला मानवत नाही. त्याला अरण्याची कड आणि मोकळे कुरण लागते. वसाहतवाल्यांनी जंगले तोडली आणि त्याला हवे तसे घर आयतेच मिळाले. पुढे हाच पाहुणा डोईजड झाला, तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने १८८३ साली खास समिती नेमून त्याच्या शिरावर १० सेंटांचे इनाम लावले. इनामाच्या धोरणात मूळचाच एक दोष असतो. ते मारलेल्या डोक्याला पैसे देते, वाचलेल्या पिकाला नव्हे. प्राणी ओसाड माळावर मारला काय आणि घेवड्याच्या वाफ्याशेजारी मारला काय, इनाम तेवढेच मिळते. शिवाय रिकामे झालेले चांगले बीळ फार काळ रिकामे राहत नाही. दुसरा ग्राउंडहॉग त्यात येऊन राहतो. त्यामुळे सार्वजनिक तिजोरीतून दिलेल्या पैशाचा लाभ नेमक्या गरजवंत शेतकऱ्याला मिळेलच, याची हमी नसते.

प्राण्याची मालकी कोणाची?

खर्चाचा प्रश्न अखेर मालकीच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. इंग्लंडात शिकारीचा हक्क जमीनदाराच्या प्रतिष्ठेशी निगडित होता. कुळाने पेरावे, सशांनी खावे आणि सशांची शिकार मालकाने करावी, अशी तेथील रीत होती. १८८० च्या कायद्याने कुळाला आपल्या शेतातील ससे मारण्याचा हक्क मिळाला. मालकाशी करार करूनही हा हक्क कुळाला सोडून देता येऊ नये, अशी तरतूद त्या कायद्यात मुद्दाम करण्यात आली. दुबळ्या पक्षाला करारस्वातंत्र्य दिले की तो आपला हक्कच प्रथम विकून बसतो, हे त्या कायदेकारांनी ओळखले होते.

अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १८४२ च्या मार्टिन विरुद्ध वॉडेल आणि १८९६ च्या गीर विरुद्ध कनेक्टिकट या निर्णयांतून असे तत्त्व पुढे आले की, वन्य प्राणी जमीनमालकाचे नसून सर्व जनतेचे आहेत आणि राज्य हे त्यांचे विश्वस्त आहे. १९७९ च्या ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा या निर्णयाने राज्याच्या ‘मालकी’ची भाषा मागे पडली; नियमनाचा अधिकार मात्र कायम राहिला. परिणामी शिकाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात. परवाना राज्याकडून घ्यावयाचा, पण शेतकऱ्याने मनाई केली तर तो परवाना खिशात असूनही त्याच्या शेतात पाऊल टाकता येत नाही. प्राणी जनतेचा, पण दाराची किल्ली शेतकऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी आहे. शेतकऱ्याची सारी सौदाशक्ती या किल्लीत आहे.

बाणाचे अर्थकारण

आता बंदूक असताना धनुष्य कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. पूर्वेकडील राज्यांत शहरे शेतांच्या कडेला येऊन भिडली आहेत. रायफलची गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते; मध्ये गोठा, रस्ता, शेजाऱ्याचे अंगण काहीही असू शकते. पेनसिल्व्हेनियात वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत रहिवाशाच्या परवानगीखेरीज बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुर्धाऱ्याला हे अंतर सर्वसाधारणपणे ५० यार्डांचे आहे. म्हणजे जेथे बिळे सर्वांत उपद्रवी, त्या कोठाराच्या व परसबागेच्या परिसरात धनुष्याला अधिक वाव राहतो. १९६९ साली हॉलेस विल्बर ॲलन यांना कप्पीच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यानंतर ही विद्या सामान्य माणसाच्याही आवाक्यात आली.

दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. वीस-तीस यार्डांवर जाऊन बाण सोडावयाचा, तर तासन् तास कुंपणाआड निश्चल बसावे लागते. ग्राउंडहॉग मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करतो आणि किंचित चाहूल लागताच शीळ घालून बिळात शिरतो. एका प्राण्यामागे खर्ची पडणारा वेळ मजुरीच्या दराने मोजला, तर हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. पण शिकाऱ्याच्या लेखी हा वेळ म्हणजे खर्च नव्हे. तीच त्याची कमाई. शरदातील हरणांच्या हंगामापूर्वी उन्हाळ्यात हात आणि डोळा तयार ठेवण्याची ती संधी असते. शिवाय उन्हाळ्यात ज्याने बिळे राखली, त्याला शरदात त्याच शेतावर प्रवेश मिळण्याची आशा असते. शेतकऱ्याला फुकट राखण मिळते, शिकाऱ्याला फुकट रान मिळते. पैशाविना झालेला हा विनिमय उभय पक्षांना लाभाचा ठरतो.

पैसा न घेण्यात शेतकऱ्याचे निव्वळ औदार्य असते, असेही नाही. पेनसिल्व्हेनियाने १९६६ साली (योगायोगाने २ फेब्रुवारीलाच) केलेल्या कायद्यान्वये, विनामूल्य प्रवेश देणाऱ्या जमीनमालकाची अपघाताच्या भरपाईची जबाबदारी बरीच मर्यादित करण्यात आली. शुल्क घेतले की हे संरक्षण जाते. म्हणजे ‘शून्य’ ही किंमतदेखील कायद्याने घडविलेली आहे. याखेरीज १९३७ च्या संघीय कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवले. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कक्षेत आले. या निधीतून राज्यांच्या योजनांचा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत खर्च भागविला जातो. ज्याला वन्य प्राण्यांपासून आनंद मिळतो त्याने त्यांच्या पालनाचा भार उचलावा, हे सूत्र येथे प्रत्यक्षात उतरले आहे.

व्यवस्थेच्या मर्यादा

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा दृष्टीआड करून चालणार नाही. धनुष्याने ग्राउंडहॉगची संख्या आटोक्यात येते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नेम चुकून जखमी झालेला प्राणी बिळात शिरतो आणि अंधारात तडफडून मरतो. तो शिकाऱ्याच्याही हाती लागत नाही. मनोरंजनासाठी जीव घेण्याला ज्यांचा आक्षेप आहे, त्यांना हसण्यावारी नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोडलेली बिळे ससे, कोल्हे यांना आसरा देतात आणि कोल्हा शेतातले उंदीर खातो, हेही जमेच्या बाजूला धरावयास हवे. प्रत्येक ग्राउंडहॉग शत्रू नव्हे. वाफ्यालगतचा तेवढा शत्रू. ‘ते अमुक बीळ’ असे बोट दाखविण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे, ही या पद्धतीची खरी थोरवी. इनामाला जे जमले नाही, ते शेतकऱ्याच्या स्थानिक माहितीला जमते.

आपल्यापुढील प्रश्न

आपल्याकडील रानडुकराला वा रोह्याला हे सारे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे उघड आहे. बाणाने घायाळ झालेले रानडुक्कर माणसाचा जीव घेऊ शकते. आणि अनिर्बंध शिकारीने आपण चित्ता गमावला, हा इतिहासही विसरता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या पार्श्वभूमीवर आला व तो आवश्यकच होता. त्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांच्या शिकारीस अधिकाऱ्याने परवानगी देण्याची तरतूद आहे. बिहारने २०१५ साली व उत्तराखंडने २०१६ साली याहून पुढे जाऊन काही प्राणी ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी घोषित करवून घेतले. पण सरसकट घोषणा हीदेखील एका अर्थी न्यू हॅम्पशायरच्या इनामाची बहीण. नेमके नुकसान कोठे होते, याच्याशी तिचा संबंध सैल असतो.

मूळ अन्याय निराळाच आहे. शेजाऱ्याची म्हैस पिकात शिरली तर १८७१ च्या कायद्याने तिला कोंडवाडा दाखविता येतो आणि दंड भरल्याखेरीज ती सुटत नाही. रानडुक्कर शिरले तर शेतकऱ्याच्या वाट्याला पंचनामा येतो. कायद्यानुसार मेलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. जिवंतपणी त्याचा चारा मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांतून जातो. वन्यजीवांचे रक्षण ही सर्व समाजाची इच्छा असेल, तर तिची किंमत समाजातील सर्वांत दुबळ्या घटकाकडून वसूल करणे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

म्हणून धनुष्य नको, पण त्यामागची सूत्रे हवीत. नुकसानीची भरपाई पिकाच्या बाजारभावाशी जोडलेली आणि हंगामाच्या आत हाती पडणारी असावी. अकराव्या कलमाखालील अर्जाचा निर्णय पीक उभे असतानाच व्हावा. जंगल सफारीला जाणाऱ्या पर्यटकाच्या शुल्कातील ठरावीक वाटा अभयारण्यालगतच्या शेतकऱ्याच्या कुंपणासाठी राखून ठेवावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या अरण्यनीतीची गरज नाही. प्राणी सर्वांचा आहे असे एकदा मान्य केले की त्याच्या घासाचे बिलही सर्वांच्या नावे निघावयास हवे. ते केवळ शेतकऱ्याच्या नावे निघत राहिले, तर रात्रभर मचाणावर जागणाऱ्या त्या माणसाकडून वन्यप्रेमाची अपेक्षा धरण्याचा अधिकार शहरातील कोणालाही उरणार नाही.