युद्ध कधी संपते?

युद्धाचे चित्रपट तुम्ही पाहिले असतील. तोफा धडाडतात, शत्रू कोसळतो आणि आपण टाळ्या वाजवतो. सैनिकाच्या शौर्याचा गौरव झालाच पाहिजे. पण युद्धाची खरी किंमत एवढ्याने कळते का? मला वाटते, नाही.

१९८८ साली जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांनी एक चित्रपट तयार केला. 'काजव्यांचे थडगे' असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. हा कार्टून चित्रपट आहे. पण तो हसवत नाही. त्यात विजयी वीर नाही. आहेत ती दोन भावंडे: १४ वर्षांचा सेइता आणि ४ वर्षांची सेत्सुको. १९४५ साली कोबे शहरावर अमेरिकन विमाने आग लावणारे बॉम्ब टाकतात. घर जळते. आई भाजून मरते. वडील आरमारात, दूर समुद्रावर असतात. एक नातेवाईक बाई मुलांना आसरा देते. पण धान्य कमी पडू लागताच घासागणिक टोमणे मारते. शेवटी मुले हवाई हल्ल्यापासून बचावासाठी खोदलेल्या एका ओसाड गुहेत राहू लागतात. रात्री उजेडासाठी ती काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. सकाळी काजवे मेलेले असतात. सेत्सुको खड्डा खणून त्यांना पुरते. पुढे अन्नावाचून तीही जाते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. सेत्सुको मरते ती त्यानंतर. सेइता २१ सप्टेंबरला एका रेल्वे स्थानकावर उपाशीपोटी प्राण सोडतो. तेव्हा बॉम्ब पडत नव्हते. कागदावर सह्या झाल्या, म्हणून भूक थांबत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५ साली कुपोषणानेच वारली होती. ताकाहाता स्वतः ९ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरील हवाई हल्ल्यातून वाचले होते.

कोणी म्हणेल, जपाननेही शेजारी देशांवर आक्रमण केले होते. ते खरे आहे. पण तो निर्णय ४ वर्षांच्या मुलीने घेतला होता का?

मित्रांनो, पडद्यावर एखादे शहर जळताना पाहाल, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या घरांत कोण राहत होते आणि उद्या त्यांना कोण जेवू घालणार, हे स्वतःला विचारा. युद्धाचा खरा हिशेब तेथून सुरू होतो.